फ्लॅश स्मृतीचा कॅशे व रॅम म्हणून वापर

रॅम (चालू कामाची माहिती धरणारी स्मृती) अपुरी आणि हार्ड डिस्क मंद असलेल्या संगणकात पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा एसएसडीवरची (हार्ड डिस्कसारखेच काम करणारे, पण चिपवर साठवणारे साधन) काही जागा वारंवार लागणाऱ्या माहितीसाठी राखून ठेवण्याची पद्धत. या तात्पुरत्या साठ्याला कॅशे म्हणतात. या तिन्ही साधनांत असते ती फ्लॅश स्मृती, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणारी चिप. ती तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली.

सगळे मर्म वेगाच्या फरकात आहे. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, तर हार्ड डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे फ्लॅश ही हार्ड डिस्कच्या शंभरपट पुढे, पण रॅमच्या हजारपट मागे. म्हणून ती रॅमची जागा घेऊ शकत नाही. ‘पेनड्राइव्ह लावा, रॅम वाढवा’ हा सल्ला इथेच चुकतो. पेनड्राइव्ह एसएसडीहूनही बराच मंद असतो आणि सलग मोठी फाइल जुनी डिस्कच लवकर वाचते. फायदा मिळतो तो डिस्कभर विखुरलेले लहान तुकडे वाचताना.

विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये आलेली ‘रेडीबूस्ट’ सोय याच तत्त्वावर चालते. व्हिस्टात तिची मर्यादा ४ जीबी होती. विंडोज ७ मध्ये प्रत्येकी ३२ जीबीपर्यंतची आठ साधने चालतात. पेनड्राइव्हवरची माहिती सांकेतिक रूपात असते आणि तिची मूळ प्रत डिस्कवर राहते, त्यामुळे तो मध्येच काढला तरी काही हरवत नाही.

ग्रामीण विदर्भात ही गोष्ट महत्त्वाची. सेतू केंद्रात सातबारा किंवा उत्पन्नाचा दाखला निघत असताना लाइन जाते. इन्व्हर्टर नसेल तर संगणक जागीच बंद. वाचनापुरता कॅशे असेल तर धोका नाही. लिनक्समधील ‘बीकॅशे’सारख्या सोयीत मात्र नवे लेखन आधी एसएसडीवर ठेवून सवडीने डिस्कवर नेण्याचा पर्याय आहे. त्यात वेग मिळतो, पण डिस्कवर न गेलेली माहिती एकट्या एसएसडीच्या भरवशावर राहते. अचानक वीज गेल्याने किंवा अन्य कारणाने एसएसडी बिघडली तर तेवढे काम गेले. जिथे वीज बेभरवशाची आहे तिथे हा पर्याय बंदच ठेवावा.

फ्लॅशची झीज हा दुसरा प्रश्न. तिच्यातले माहिती साठवायचे ठोकळे ठराविक वेळाच पुसता येतात. एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या टीएलसी प्रकारात साधारण हजार ते तीन हजार वेळा. स्वॅप फाइल (रॅम भरल्यावर तिच्यातली माहिती हलवायची फाइल) पेनड्राइव्हवर ठेवली तर तो लवकर निकामी होतो. शाळेतल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या जुन्या संगणकासाठी पैसा थोडाच असेल, तर आधी रॅमची एक पट्टी वाढवावी, मग हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी बसवावी. एसएसडीवर विंडोज असेल तर रेडीबूस्टचा लाभ उरत नाही आणि विंडोज ७ पासून ती सोय अशा वेळी आपोआप बंद राहते.

मोबाइलमधील ‘व्हर्च्युअल रॅम’ हा स्वॅप फाइलसारखाच प्रकार. ‘८ जीबी + ८ जीबी’ असे खोक्यावर लिहिलेले असते, तेव्हा दुसरे ८ जीबी फोनच्या साठवण-जागेतून घेतलेले असतात. मागे पडलेली अ‍ॅप तिथे ठेवता येतात, एवढाच त्यांचा उपयोग. पीएम किसानचे ई-केवायसी करताना अडखळणारा फोन त्यांनी वेगवान होत नाही.