टर्बोची गळती आणि जयंती नाला

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या (एक्झॉस्टच्या) जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याच्या खाली तेलाचा ओघळ दिसला, की कोल्हापुरात उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत कुठल्याही गॅरेजात निदान ठरलेले असते: "टर्बोचं सील गेलंय." मग नव्या टर्बोचा आकडा ऐकून गाडीमालक गार पडतो. गंमत अशी, की गाडीच्या टर्बोत रबरी ऑइल सील नसतेच.

त्याचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि एका टोकाला एक्झॉस्टचा जाळ असतो. रबर तिथे टिकणार कसे? म्हणून दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारखी एक बारीक कडी बसवतात. ती तेल घट्ट अडवत नाही. तेल आत राहते ते दोन कारणांनी. एक, कडीच्या बाहेर सहसा हवेचा किंवा एक्झॉस्टचा दाब आतल्यापेक्षा जास्त असतो. दुसरे, तेल खाली झटपट निघून जाते. पेन्सिलीएवढ्या पाइपातून ते पंपाच्या दाबाने येते, शाफ्टवर घुसळून त्याचा फेस होतो आणि परतताना त्याला ढकलणारे काही नसते. केवळ वजनाने ते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, उतरते. म्हणून परतीचा पाइप अंगठ्याएवढा जाड आणि जवळजवळ उभा असतो.

पंचगंगा फुगली की कोल्हापुरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी उलटे शहरात शिरते. दोष नाल्याचा नसतो, पुढे वाटच नसते. टर्बोचे तसेच. परतीच्या पाइपात जळक्या तेलाचा थर बसला, चेंबरमध्ये तेल मोजपट्टीच्या वरच्या खुणेपलीकडे भरले किंवा इंजिनाच्या पोटात दाब साठला, की तेल कडीवरून बाहेर पडते.

यातला दाब सर्वांत फसवा. पिस्टन रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो आणि ब्रीदर नावाच्या नळीतून परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत ओढण्याच्या वाटेत, जातो. पेट्रोल टर्बोत त्याला दोन वाटा असतात. एरवी तो थेट सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये जातो. टर्बोचा दाब चढला की तिथला एकमार्गी व्हॉल्व्ह मिटतो आणि वायू कंप्रेसरच्या, म्हणजे टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूच्या, तोंडाकडे वळतो. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर टर्बोने भरलेली हवा इंजिनाच्या पोटात घुसते. अशा गाडीला नवा टर्बो बसवा, तोही गळेल. डिझेलमध्ये सहसा कंप्रेसरकडची वाटच असते. तिथे तेल वेगळे करणारी जाळी तुंबते.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवून मोजपट्टी काढून तिच्या नळीवर रबरी हातमोजा ताणून बांधा. फुगून ताठ उभा राहिला तर आधी ब्रीदर साफ करा.

मग थंड इंजिन डीग्रीझरने धुऊन वाळवा, संशयित जागी टाल्कम पावडर मारा, पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवा. सर्वांत वरचा ओला डाग हाच उगम. खालचे सगळे ओघळ. बहुतेकदा तो बॅन्जो बोल्टच्या, म्हणजे तेलाचा पाइप टर्बोला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, तांब्याच्या वॉशरजवळ निघतो. दोन्ही वॉशर नवेच घ्या. एकदा दबलेले तांबे कडक होते आणि पुन्हा नीट बसत नाही. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळा. परतीच्या पाइपाची गॅसकेटही नवी, कोरडी बसवा. सिलिकॉन अजिबात लावू नका: आत वळलेला त्याचा तुकडा सुटला तर तीच वाट बुजवतो.

तेल आणणारा पाइप जोडण्याआधी टर्बोच्या वरच्या छिद्रात स्वच्छ इंजिन ऑइल काठोकाठ ओता. इंधन बंद ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. हे टाळले तर पहिल्या काही सेकंदांत बेअरिंग कोरडे घासते.

'लीक स्टॉप'ची बाटली आणि बंपरला टांगलेले लिंबू-मिरची, दोन्हींचा इथे उपयोग सारखाच. बाटली रबर फुगवते आणि टर्बोच्या कडीला रबर नाही.

टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पातळ हात दिसला तर घाबरू नका, ते सहसा ब्रीदरचे असते. शाफ्ट बाजूला किंचित हलणेही ठीक, कारण तेलाच्या थराला तेवढी जागा लागते. आत-बाहेर जाणवण्याइतका हलला किंवा पाती घराला घासल्याची खूण दिसली, तर मात्र टर्बो खरोखरच गेला. आणि ओघळ गरम टर्बाइनवर, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या बाजूवर, पडत असेल तर गगनबावड्याच्या घाटाचा बेत रद्द करा. तेल पेट घेते.