विचारल्याने विचार पेरला जात नाही

इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत आणि शिक्षकांच्या खोलीतही एक समजूत घट्ट बसली आहे: मुलाला ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारलं की नसलेलं खूळ डोक्यात शिरतं. तसं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही याला गैरसमजच म्हणते. शांतपणे, थेट विचारलं तर मुलाला उलट हायसं वाटू शकतं.

शिक्षकांना प्रशिक्षणात शिकायचं ते हेच. डबा न उघडताच परत नेणारी, एकाएकी गप्प झालेली मुलगी हेरायची, बाजूला घेऊन ऐकायचं, समुपदेशकाशी गाठ घालून द्यायची. उपचार करणं शिक्षकाचं काम नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन मात्र देऊ नये. (आपल्याकडे ‘शेजारच्या काकूंना कळेल’ हीच धास्ती मोठी!) २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, शिक्षकही फोन करू शकतात.