पाच नंबरची ओळ

राऊटरचा दिवा हिरवा असला, इंटरनेट नीट चालू असलं, तरी आत त्याचं लिहिणं चालूच असतं. अमुक पोर्ट बंद पडलं, कुणी सेटिंग बदललं, शेजारचा राऊटर गायब झाला. नोंदींच्या या पद्धतीला सिसलॉग म्हणतात. १९८० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पाठवणाऱ्या प्रोग्रामसाठी ती तयार केली आणि पुढे नेटवर्कवरच्या जवळपास सगळ्या उपकरणांनी ती उचलली.

नोंदी साठवणाऱ्या सर्व्हरकडे निघालेल्या नोंदीच्या सुरुवातीला कंसात एक आकडा असतो. समजा <१८९>. त्याला आठाने भागा: भागाकार २३, बाकी ५. भागाकार सांगतो नोंद कुठल्या खात्याची, बाकी सांगते ती किती गंभीर.

खाती ० ते २३. शून्य कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, दोन मेलचं. १६ ते २३ ही लोकल-० ते लोकल-७ या नावांनी आपल्यासाठी मोकळी सोडलेली. सिस्को कंपनीचा राऊटर, वेगळं सांगितलं नाही तर, लोकल-७ धरतो. मुख्य राऊटरना एक आणि शाखांमधल्या राऊटरना दुसरं खातं दिलं, की सर्व्हरवर त्यांच्या फाइली वेगळ्या ठेवता येतात.

खरी गोम पातळीत आहे. ती ० ते ७, आणि उलटी: शून्य सगळ्यात वाईट, सात म्हणजे डीबगची, दोष शोधण्यासाठीची, बारीकसारीक बडबड. मर्यादा चार, म्हणजे वॉर्निंग, लावली की शून्य ते चार येतं आणि पुढचं गळतं. इशारे तेवढे येऊ देत, बाकी कचरा कशाला, असं म्हणून पुष्कळजण इथेच थांबतात आणि फसतात.

कारण सिस्कोच्या राऊटरवर बीजीपीचा (राऊटर एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत) शेजारी तुटला, म्हणजे कदाचित अख्ख्या ऑफिसचं इंटरनेट गेलं, तरी ती ओळ '%बीजीपी-५-ॲडजचेंज' अशी येते. पाच! नुसती 'नोटिस'. सेटिंग कुणी बदललं ही नोंदही पाचचीच. उलट रिसेप्शनवरचा पीसी संध्याकाळी बंद झाला की '%लिंक-३-अपडाऊन', म्हणजे थेट एरर. सकाळी तो सुरू झाला की पुन्हा तीन. हे आकडे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलेले असतात. तुमच्याकडे कुठली वायर जिवाभावाची आहे हे त्याला कसं कळणार? म्हणून माझं ठाम मत आहे की सर्व्हरकडे निदान पाचपर्यंत, शक्यतो सहापर्यंत सगळं जाऊ द्यावं आणि गाळणी सर्व्हरवर लावावी.

कन्सोलचं, म्हणजे राऊटरला थेट वायरने जोडलेल्या पडद्याचं, मात्र उलट. कन्सोलची वायर बहुधा ९६०० बॉडची, म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं. तिथे सात लावून गजबजलेल्या राऊटरवर डीबग सुरू केलं, तर प्रोसेसर अक्षरं ढकलण्यातच गुंततो आणि राऊटर आदेश घेईनासा होतो. कन्सोलला तीन पुरे.

घड्याळही लावून घ्या. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि घड्याळं ठरलेल्या सर्व्हरशी जुळवायची असतात. जुळलेलं नसेल, तर सिस्कोच्या ओळीत तारखेआधी एक चांदणी दिसते.

आणि सगळं झाल्यावर एक रिकामं पोर्ट लॅपटॉपला जोडून वायर काढून बघा. सिसलॉग सहसा यूडीपी या निरोप नुसता पाठवून देणाऱ्या पद्धतीने, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून (हे पोर्ट म्हणजे नुसता क्रमांक, वायरची खाच नव्हे) जातो, त्याला पोच मिळत नाही. ओळ सर्व्हरवर उमटली का, हे डोळ्यांनीच पाहावं लागतं.