ढोलीचं झाड कोणाचं?

कोकणात रान विकलं जातं ते जमिनीसकट नाही, उभं. मालक आणि लाकडाचा व्यापारी रानातून एक फेरी मारतात, अंदाजाने रक्कम ठरते आणि पाऊस सरून गाडीरस्ते सुकले की तोड सुरू होते. ती चालते पुढच्या पावसाच्या तोंडापर्यंत. यातल्याच काही महिन्यांत, साधारण फेब्रुवारीपासून, धनेश या मोठ्या चोचीच्या पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन बसलेली असते.

कोंडून घेऊन हे शब्दशः. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर असं जे हाताशी असेल त्याने ढोलीचं तोंड लिंपून टाकते. उरते ती एक अरुंद फट. त्या फटीतून नर तिला भरवतो. गळ्यात साठवून आणलेली फळं एकेक करून वर काढतो आणि चोचीच्या टोकाने आत देतो. आत असताना मादी पंखांची मोठी पिसं गाळते, म्हणजे त्या काळात तिला उडताही येत नाही. महाधनेशाच्या, म्हणजे कोकणात ज्याला कित्येक जण गरुड म्हणतात त्याच्या घरट्याचं हे चक्र साडेतीन-चार महिने चालतं. एवढं करून बहुधा एकच पिल्लू बाहेर पडतं. ककणेर, म्हणजे मलबारी कवड्या धनेश, आकाराने लहान. पण तोही ढोलीवरच अवलंबून. असं झाड पडलं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको.

आता ढोलीविषयी. धनेशाची चोच केवढीही मोठी दिसली तरी सुतार पक्ष्यासारखं लाकूड कोरणं तिला जमत नाही. फांदी मोडून, लाकूड कुजून आपोआप तयार झालेली पोकळीच त्याला लागते, आणि महाधनेश मावेल एवढी पोकळी व्हायला खोडाला तेवढं वय आणि घेर हवा. कोकणात बेहडा आणि आंब्याची जुनी झाडं या कामी येतात. बरं, ढोली एकदा झाली म्हणजे कायमची झाली असंही नाही. आतला तळ खचतो, तोंड सालीच्या वाढीने आवळत जातं. थायलंडमध्ये अभ्यासकांनी अशा ढोल्यांचा तळ मातीने भरून, तोंडं मोठी करून त्या पुन्हा वापरण्याजोग्या केल्या आहेत. पण दुरुस्तीला आधी झाड उभं हवं.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं. रान आहे ते बहुतांशी मालकीचं. पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे, पण झाड कोणाचं हे सातबारा सांगतो, आणि त्या सातबाऱ्यावर कधीकधी पंधरा-वीस नावं असतात. निम्मी माणसं मुंबईला. कोणाला आजारपणाला पैसे हवे असतात, कोणाला घर दुरुस्तीला. रान विकणाऱ्याला निसर्गाचा शत्रू ठरवणारं लिखाण वाचलं की मला राग येतो. वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतून भाताइतकंही उत्पन्न नाही, अशा वेळी त्या माणसाने नेमकं काय करायचं?

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने या प्रश्नाला हात घातला तो मालकाच्या बाजूने. संगमेश्वर तालुक्यात त्यांनी जमीनमालकांशी संवर्धनाचे करार केले: ठरलेली वर्षं रान तोडायचं नाही, बदल्यात मालकाला किंवा गावाला मोबदला. दुसरी वाट बेहड्याच्या फळांची. बेहडा हा त्रिफळ्यातला एक घटक. सह्याद्रीत गोळा होणाऱ्या बेहडा-हिरड्याला संस्थेच्या प्रयत्नांतून फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. झाड न दुखावता, फळं जंगलासाठीही मागे ठेवून गोळा करायची, ही त्यामागची शिस्त. लाकूड एकदाच पैसे देतं, फळं दर मोसमात देतात. ज्या झाडाकडे घेर आणि घनफुटाच्या हिशेबाने पाहिलं जायचं, ते राखण्यात मालकाचाच फायदा दिसू लागतो. मला हा मार्ग भावतो, कारण तो मालकाकडे त्याग मागत नाही.

पण करार सगळीकडे पोचणार नाहीत. ज्याला रान विकावंच लागतंय, त्याच्याही हातात थोडं असतं. सौदा करतानाच ढोलीची झाडं वगळायची आणि त्यांच्या खोडावर रंगाची खूण करायची. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही काठांची पट्टी सोडायची. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदरुक ही झाडं ठेवायची. त्यांच्या लाकडाला भाव नाही, त्यामुळे नुकसानही किरकोळ. वड-पिंपळ-उंबराला परंपरेचं थोडंफार कवच आहे, पायर-नांदरुकाला ते फारसं नाही. या वर्गातली झाडं एकाच वेळी फळत नाहीत, प्रत्येकाचा काळ वेगळा. म्हणून एक वड राखून भागत नाही; परिसरात अशी बरीच झाडं असली तरच धनेशाला वर्षभर काही ना काही मिळत राहतं. त्याची परतफेड तो बियांनी करतो. मोठ्या बियांची फळं गिळायची आणि बी दूर कुठेतरी ओकून टाकायचं, हे त्याचं रोजचं काम. तोडलेल्या रानात खुंटांना फुटवा येतो, पण तिथून नाहीशा झालेल्या जातींचं बी कोणीतरी आणावंच लागतं.

हे बोलायचं कधी? शिमग्याला घर भरतं, पण तोवर मादी आत बसलेली असते आणि कुऱ्हाडही सुरू असते. गणपतीला मात्र सगळे भाऊबंद गावी असतात, रानात गुडघाभर गवत असतं आणि व्यापारी अजून यायचा असतो. ढोलीचं झाड कुठलं हे गुराख्याला किंवा घरातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते बसल्या जागेवरून सांगतात.