लिंबाच्या पानावरची पांढरी रेघ कुणाची?

पावसाळा लागला की खानापूरपासून निपाणीपर्यंत कुणाच्याही परसात जावा, लिंबाच्या कोवळ्या पानांवर चकचकीत वाकड्यातिकड्या रेघा दिसतातच आणि शेजारपाजारचे लगेच सांगतात, रोग पडलाय, औषध मारा. रोग नाही तो. पानाच्या आत नागअळी राहतेय, एका इवल्याशा पतंगाची अळी. शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला. १८५६ साली स्टेन्टन नावाच्या इंग्रज कीटकतज्ज्ञानं कलकत्त्याच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं, म्हणजे किडा आपल्याकडचाच, अमेरिकेत फ्लोरिडाला तो १९९३ मध्ये पोचला.

पतंग सहसा दिसत नाही, पंख पसरून जेमतेम ४ मिलिमीटर, रंग चंदेरी, पंखाच्या टोकाला काळा ठिपका, आणि फिरतो रात्री. मादी कोवळ्या पानावर, बहुतेक मधल्या शिरेजवळ, एकेक अंडं घालते. अळी अंड्यातून निघते ती थेट पानात, पातळ सालीखाली. चपट्या जबड्यांनी ती पेशी फाडत रस पीत पुढं सरकते आणि मागं विष्ठेची काळपट रेघ सोडते. एकदा पान उजेडासमोर धरून बघा की, रेघ जिथं बारीक तिथं अळी जन्मली, जसजशी कात टाकत वाढली तसा बोगदा रुंद होत गेलाय, तिचा सगळा प्रवास समोर उमटलेला असतो. मला तर हे बघताना वेळेचं भानच राहत नाही. शेवटच्या अवस्थेत ती काहीच खात नाही, पानाच्या कडेला जाऊन रेशीम काढते, कडा दुमडून घेते आणि आत कोष करते. उबदार हवेत हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, थंडीत जास्त लागतात.

आता औषधाचं. अळी सालीखाली असल्यानं वरवरची फवारणी तिच्यापर्यंत नीट पोचत नाही, उलट तिला खाणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मरतात. मोठ्या झाडाला तिचा फारसा त्रास नाही, जून पानांकडं ती फिरकत नाही. रेघा पडलेली पानंसुद्धा झाडासाठी अन्न करतात, तोडू नका. जपायचं ते लहान रोपांना, कारण पावसात त्या जखमांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू शिरतात, म्हणून नवी पालवी फुटताना निंबोळी तेल मारावं आणि सारखा युरिया टाकून पालवीवर पालवी काढू नये.