पायलट व्हायचंय? फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या

कराड असो की विटा, पोरगं ‘पायलट व्हायचंय’ म्हणालं की घरात पहिला प्रश्न येतो फीचा. माझं कळकळीचं सांगणं आहे, कर्जासाठी सातबारा काढण्याआधी डीजीसीएची, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मेडिकल करून घ्या. आधी क्लास टू ही प्राथमिक तपासणी, मग कमर्शियल लायसन्ससाठी लागणारी क्लास वन. चष्म्याने ६/६ दिसत असेल तर अडचण नाही. रंग ओळखता येत नसतील तर मात्र रस्ता तिथेच थांबतो, आणि हे लाखो रुपये भरल्यावर कळलं की आईबापांचे चेहरे बघवत नाहीत.

कमर्शियल लायसन्ससाठी, म्हणजे पगारी पायलट होण्याच्या परवान्यासाठी, वय १८ पूर्ण हवं, बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. आपल्याकडे बरीच मुलं बायोलॉजी घेऊन गणित सोडतात. त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून गणित द्यावं. २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला असला, तरी लायसन्सच्या अटी १९३७ च्या विमान नियमांतल्याच आहेत.

डीजीसीएच्या लेखी परीक्षेआधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि त्यांचं बोर्डाकडून आलेलं पडताळणी पत्र लागतं. सातारा-सांगलीकरांचं बोर्ड कोल्हापूर विभागाचं, त्यामुळे एक खेप धरूनच चाला. भाच्याच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक. त्या एका अक्षरापायी आमचे दीड महिने गेले. सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

एअर रेग्युलेशन (हवाई नियम), नेव्हिगेशन (दिशा-मार्ग काढणं), मेटिऑरॉलॉजी (हवामान) आणि टेक्निकल (विमान व इंजिन) या विषयांत प्रत्येकी ७० टक्के लागतात. विमानातून रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा वेगळी.

उड्डाण किमान २०० तास. त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्याकडे, त्यातही २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लांबचं उड्डाण. यात एक फेरी ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे ५ तास, १० टेकऑफ आणि १० लँडिंग. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवरून उडवण्याचे, १० तास, त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर. पैशांअभावी मध्येच खंड पडला तर जुने तास बाद होऊ शकतात, म्हणून पूर्ण खर्चाची सोय झाल्यावरच सुरुवात करा.

शेवटी लायसन्ससाठी डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज. २०२३ च्या दुरुस्तीने लायसन्सची मुदत ५ वरून १० वर्षं झाली. मेडिकल मात्र चाळिशीपर्यंत दरवर्षी करावी लागते. ती संपली, तर लायसन्स खिशात असूनही विमान उडवता येत नाही.