मागेन अबोथ : अलिबागच्या सिनेगॉगची पार्श्वभूमी

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडव्याला उतरणारे मुंबईकर आता इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृहही बघून येतात. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेले ज्यू तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' झाले, ही कहाणी सर्वांना ठाऊक आहे. कोकणातले हे ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, पिढ्यान्‌पिढ्या घरातच प्रार्थना करत. त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये मुंबईत, मांडवी भागात उभं राहिलं. १८२६ पासून कोचीनच्या शिक्षकांनी हिब्रू पाठ आणि विधी शिकवले, मग रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), पेण (१८६३) अशी रांगच लागली. अलिबागची आजची वास्तू १९१० ची, पुन्हा बांधलेली.

अशा सिनेगॉगमध्ये तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, म्हणजे हेखाल, पश्चिमेच्या भिंतीला असतं, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. मधोमध कठडा घातलेली तेबा, म्हणजे प्रार्थना म्हणायचा चौथरा, भोवती बाकं. मुलाच्या सुंतेसाठी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची वेगळी खुर्ची राखलेली असते. त्याच्याच नावानं पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा होतो.

ही प्रार्थनागृहं रिकामी का झाली? '१९४८ नंतर सगळे इस्रायलला गेले' हे उत्तर मला अपुरं वाटतं. तिथे भेदभाव सोसल्यावर काही कुटुंबांनी सत्याग्रह केला आणि १९५२ मध्ये ती भारतात परतली. पुढे १९६२ मध्ये तिथल्या सर्वोच्च धर्मपीठानं आदेश काढला की, बेने इस्रायलीचं लग्न लावण्याआधी त्याच्या आईवडील-आजोबांपर्यंतच नव्हे, तर शक्य तितकी मागची वंशावळ तपासावी. पूर्वजांच्या फारकती धर्मनियमांप्रमाणे झाल्या की नाहीत, ही शंका पुढे केली गेली. तेलाच्या घाण्यालाही शनिवारी सुट्टी देणाऱ्यांकडून ज्यूपणाचा पुरावा मागणं हा अन्यायच होता. लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं त्यांना पूर्ण ज्यू ठरवलं, त्याच महिन्यात आदेशातला त्यांचा उल्लेख गेला. स्थलांतर मात्र थांबलं नाही. धाकटी पिढी गेली, म्हातारी माणसं मागं राहिली.

२०१६ मध्ये महाराष्ट्रानं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलीकडे मागेन अबोथला पर्यटनस्थळाचा मानही मिळाला. पण सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांचं मिनियान लागतं, आणि आळीत आता मोजकीच ज्यू घरं उरली आहेत.